मान डोलली तर

"हलली," टेक्निशियन बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, आणि तेवढंच पुरे होतं. काचेअलीकडच्या त्या अरुंद खोलीत उभ्या असलेल्या तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. समोरच्या पडद्यावर सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याचे फोटो होते, म्हणजे असायला हवे होते. ओल्या रंगावरून कुणीतरी बाही फिरवावी तसे ते सगळे फरफटले होते.

तिघांपैकी ताई म्हणजे मुलीची आई. तिच्यामागे उभी होती तिची धाकटी बहीण, मुलीची मावशी. चित्रं हलवणं हा मावशीचा धंदा. प्रदर्शनाच्या भिंतीवर, दुकानाच्या काचेमागे, जिथे म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने दोन मिनिटं थबकावं असं कुणाला वाटतं, तिथे तिची चित्रं हलत असत. आणि दाराला टेकून उभा होता सगळ्यांत धाकटा, मुलीचा मामा. मावशीच्या चित्रांना संगीत त्याचं. घरात त्याला ठेक्या म्हणत, कारण टेबल, ताट, दुसऱ्याची पाठ, जे हाताखाली येईल त्यावर त्याची बोटं वाजायची. शाळेत असताना बाकावरच्या ठेक्यापायी त्याने वर्गापेक्षा वर्गाबाहेरच जास्त दिवस काढले होते.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, आणि त्यात कुणी काही वाढवून सांगत नव्हतं. एक घास तोंडात घालून ती खुर्चीभोवती एक फेरी मारायची, मग दुसरा घास. अशा पोरीला एमआरआयच्या नळीत पंधरा-वीस मिनिटं निपचित पडायला सांगायचं होतं. तिच्या डोक्यात वाटाण्याएवढी गाठ होती. ती वाढतेय की आहे तेवढीच आहे, हे दर चार महिन्यांनी बघावं लागायचं. लहान मुलं हलतात म्हणून त्यांना भूल देतात. भिंगरीलाही दोनदा दिली होती. दुसऱ्या वेळी तिचा श्वास मधेच मंदावला, खोलीत धावपळ झाली, आणि भूल उतरायला दुपारची संध्याकाळ झाली. ताई त्या दिवशी पलंगाशी जी बसली, ती मनाने अजून तिथून उठलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा भूल द्यायची वेळ शक्यतो येऊ नये. पण फोटो तर हवेतच.

मग मावशीने आणि मामाने ठरवलं, आपण कशाला आहोत? आडव्या पडलेल्या माणसाला आरशातून मागचा पडदा दिसतो, कानात गाणं सोडता येतं. चित्र आणि गाणं असं जुळवू की पोरगी हलायचं विसरेल. दोन महिने खपून दोघांनी बेडकांची मिरवणूक केली होती. जो बघे तो खूश. दवाखान्यातल्या शिपायानेसुद्धा दोनदा बघितली होती.

आणि पोरगी हलली होती.

"घाबरली असेल," मावशी म्हणाली.

"मलाही आधी तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. बाई पन्नाशीच्या, बोलायला कोरड्या, पण नजर अशी की सुईच्या नाकातून हत्ती गेला तर त्याची शेपूट मोजतील. "पण घाबरलेलं मूल कसंही हलतं. ही बघा कशी हलते."

त्यांनी आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेऊन लावलं. भिंगरीची हनुवटी दिसत होती. हनुवटी जराशी खाली आली. बाईंनी पेन टेबलावर आपटलं. मग काही सेकंद काहीच नाही. पुन्हा हनुवटी, पुन्हा पेन. पुन्हा काही नाही. पुन्हा पेन.

"नेमाने हलतेय पोरगी," बाई म्हणाल्या. "घड्याळ लावून घ्या."

दारावर मामाची बोटं आपसूक मोजत होती. चौथ्या वेळी ती थांबली.

"सम आहे ती," तो म्हणाला. "बाई, ही समेवर मान देतेय."

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. गाणं हिंडून फिरून जिथे घरी येतं, ती जागा. तिथे जाणत्या माणसाची मान आपोआप खाली येते. आपल्याकडे गाणं आवडलं हे सांगायला टाळ्या लागत नाहीत, मान डोलली की झालं. मामाने आजवर आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, समेवर डोलणाऱ्या माना फक्त. भाचीला दोन वर्षांची असल्यापासून मांडीवर बसवून त्यानेच सम दाखवली होती. बेडकांच्या गाण्यात दर समेला एक बेडूक टुणकन उडी मारायचा, ही कल्पना मावशीची. म्हणजे दोघांनी मिळून, अगदी जीव ओतून, पोरीची मान हलवायचा चोख बंदोबस्त केला होता.

आता ताई वळली.

"तुम्हाला वाहवा हवी होती," ती म्हणाली. "मिळाली की. तिनेच दिली."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं. ओरडणाऱ्या ताईशी भांडता येत असे.

डॉक्टरांनी आणखी एक संधी दिली. दहा दिवसांनी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. भूल देणारे डॉक्टर तयार राहतील. पोरगी हलली की लगेच भूल देऊन फोटो घ्यायचे, कारण आता फोटो लांबवता येणार नव्हते. घरी जाताना गाडीत भिंगरीने विचारलं, "मामा, तुझं गाणं मला पाठ झालं. मी हलले नाही ना?" मामाने खिडकीबाहेर बघत सांगितलं, नाही गं, मशीनच जरा वेडं आहे. धडधडीत खोटं होतं, पण ताईनेही ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या घरातल्या कामाच्या खोलीत दोघा भावंडांची जी जुंपली, ती शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावता ऐकली.

"ठेका काढून टाक," मावशी म्हणाली.

"माई, ठेका काढला तर राहिलं काय? नुसता पंख्याचा आवाज?" मामा म्हणाला. मावशीला तो माई म्हणे.

"मग पंखा लाव."

"पंखा ऐकत पोरगी पडून राहील? दोन मिनिटांत पाय नाचवेल. कंटाळलेली भिंगरी कधी बघितलीयेस का तू?"

तेही खरंच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. गाणं रंगलं तर मान डोलणार, नाही रंगलं तर पाय हलणार. त्यातून यंत्राची स्वतःची ठकठक होतीच. फोटो चार फेऱ्यांत निघत आणि दर फेरीला त्याचा ठेका वेगळा, कधी सुताराच्या हातोड्याचा, कधी पोलिसाने दारावर आपटलेल्या काठीचा. बाईंनी मामाला चारही फेऱ्यांचे आवाज भरून घेऊ दिले होते आणि प्रत्येक फेरीची वेळ कागदावर लिहून दिली होती. मामा ते आवाज लावून बसायचा आणि अर्ध्या मिनिटात त्याची बोटं त्यावर तबला धरायची.

शेवटी मावशीनेच युक्ती काढली. तिने मामाला बूट-मोजे काढायला लावले आणि त्याचे उघडे पाय एका उशीवर ठेवले. "तू नवीन काहीही वाजव," ती म्हणाली, "मी तुझ्या अंगठ्याकडे बघते. तुझा अंगठा हलला, की ते बाद."

"माझ्या अंगठ्यावर दवाखाना चालवणार का तू?"

"तुझा अंगठा ज्यावर हलणार नाही, त्यावर जगात कुणाचं काही हलणार नाही."

पहिले तीन दिवस प्रत्येक तुकडा बाद झाला. मामा हातावर बसला, अंगठा हलला. मामाने डोळे मिटले, अंगठा हलला. तिसऱ्या दिवशी तर त्याने नुसता एक सूर लांबवला आणि अंगठ्याने त्या सुरालासुद्धा मनातल्या मनात चार मात्रांत कापलं. मामाने हात टेकले. "माई, मला जमायचं नाही," तो म्हणाला. "मी चुकीचा मामा आहे." मावशीला रडू फुटलं, रागाने की भीतीने ते तिलाही कळलं नाही, आणि ती तोंडावर पाणी मारायला म्हणून स्वयंपाकघरात गेली.

तिथे भिंगरी होती. ताईला दवाखान्यात जायचं होतं म्हणून तिने तिला सकाळी इथे सोडलं होतं. पोरगी ओट्याशी स्टुलावर उभी होती आणि हलत नव्हती.

मावशी दारातच थबकली. तिला वाटलं, गाठीचंच काहीतरी. पण भिंगरीचे डोळे नळाकडे लागले होते. त्या नळाचा वॉशर गेला होता, महिनाभर दुरुस्ती आज-उद्यावर ढकललेली. नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता. आधी नुसता ओलसर काठ, मग मणी, मग मणी लांबट होऊन लोंबायला लागला. पोरगी तोंड उघडं टाकून बघत होती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. थेंब पडला, टप्प, आणि भिंगरीने दोन्ही हात उडवले, स्टुलावर एक गिरकी घेतली, आणि पुन्हा पुढच्या थेंबासाठी पुतळा झाली.

मावशीने पाच थेंब मोजले. मग ओरडली, "ठेक्या! आहेस तसा ये!"

मामा अनवाणी धावत आला. दाराशी उभा राहून त्यानेही तीन थेंब बघितले.

"सम," तो हळूच म्हणाला. "समेवर हलते. पण समेच्या आधी?"

"समेच्या आधी श्वास धरून बसते."

"सगळेच बसतात गं. शेवटची तिहाई, तोच तुकडा तीनदा घेत समेकडे जाणं, सुरू झाली की सगळी बैठक गप्प होते. मी मेला आयुष्यभर समेकडेच बघत राहिलो." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "माई, सम द्यायचीच नाही. सगळी फेरीभर फक्त येणार येणार असं वाटत राहायचं. यंत्र थांबलं की मग द्यायची. तेव्हा हलली तरी चालतं ना?"

दोन फेऱ्यांच्या मधे हललं तर चालतं, फक्त डोकं जागचं सरकता कामा नये, असं बाईंनी सांगितलं होतं. हात-पाय झाडायला पूर्ण मुभा.

त्यानंतरचे सहा दिवस भांडायला सवड नव्हती. मावशीने बेडकांना निरोप दिला आणि एक गोगलगाय काढली. ती पानावरून चढत टोकापर्यंत जाई, आणि टोकाशी एक थेंब जमत असे. किती हळू, तर बघणाऱ्याला वाटावं आपणच त्याला धरून ठेवलंय. फेरी संपली की थेंब पडायचा, गोगलगाय शिंगं आत घ्यायची, आणि मग पुढचं पान. मामाने यंत्राच्या ठकठकीत लपलेला सूर शोधून काढला आणि त्याच सुरात आपला सूर मिळवला, म्हणजे ती ठकठक बाहेरची न वाटता गाण्याच्या पोटातली वाटेल. वर त्याने नुसत्या लांब ओळी ठेवल्या. प्रत्येक ओळ घराच्या दारापर्यंत यायची आणि उंबऱ्यावर थांबायची. सहाव्या दिवशी चारही फेऱ्या सलग लावल्या तेव्हा अंगठा पूर्ण वेळ उशीवर पडून होता. थेंब पडले तेव्हा मात्र चारही वेळा उडाला.

"गोगलगाय अन् पोटात पाय," मावशी त्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा दोघंही हसली.

भिंगरीला नियम एकच सांगितला. थेंब पडेपर्यंत गोगलगाय व्हायचं. थेंब पडला की हात-पाय तुझे.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मावशी काचेअलीकडे आपल्या लॅपटॉपसमोर बसली. तिच्या डावीकडे बाई, यंत्राच्या पडद्यासमोर. मागे मामा, उभा. काचेपलीकडे भिंगरी नळीत गेलेली, फक्त तिचे गुलाबी मोजे बाहेर दिसत होते. तिच्या पायाशी, कानात बोळे घालून, ताई बसली होती. तिने पोरीचा घोटा हातात धरला होता. दाराबाहेर बाकावर भूल देणारे डॉक्टर पेपर वाचत होते. ते सज्जन गृहस्थ होते, पण मावशीला त्यांचं पान उलटणंसुद्धा सहन होत नव्हतं.

"सुरू," बाई म्हणाल्या, आणि मावशीने कळ दाबली.

पहिली फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांची. मावशीची नजर कॅमेऱ्याच्या चौकोनावरून हलली नाही. हनुवटी जागच्या जागी. यंत्र थांबलं, थेंब पडला, गुलाबी मोजे हवेत उडाले. बाईंनी फोटो उघडले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ठीक." बाईंच्या तोंडून ठीक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून वा वा. दुसरी फेरी साडेतीन मिनिटांची. ठीक. तिसरी तीन मिनिटांची, तीत भिंगरीने एकदा आवंढा गिळला, पण तीही ठीक. चौथी शेवटची, आणि सगळ्यांत महत्त्वाची, कारण गाठ नीट दिसायची ती याच फेरीत. चार मिनिटं दहा सेकंद.

गोगलगाय पान चढू लागली. मावशीने पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकवली. साडेतीन मिनिटं झाली. थेंब लांबट होत आला होता. चाळीस सेकंद राहिले, असं मनाशी म्हणत तिने सहज डावीकडे बाईंच्या पडद्यावर नजर टाकली.

तिथे उरलेला वेळ होता एक मिनिट पस्तीस.

"बाई," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "बाई, हे दीड मिनिट कसलं?"

"या फेरीचं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी काल फोटोंचे काप पातळ मागितले. काप पातळ म्हणजे वेळ जास्त. पंचावन्न सेकंदच वाढलेत." आणि मग, बोलता बोलताच, त्यांचा चेहरा उतरला. "सांगायचं राहिलं तुम्हाला."

रोज बदलणारी गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगायला हवी होती असं नाही. त्यांच्या लेखी पंचावन्न सेकंद म्हणजे पाणी पिण्याचा वेळ. पण चाळीस सेकंदांनी थेंब पडणार होता, सम येणार होती, आणि पोरगी दिलेल्या शब्दाला जागून हात-पाय उडवणार होती. यंत्र मात्र चालूच असणार होतं.

"थांबवता येईल?"

"थांबवलं तर ही फेरी पहिल्यापासून." बाईंनी दाराकडे बघितलं. "आणि ती थकलीय. आता पुन्हा पाच मिनिटं..." बाहेर पान उलटलं.

तीस सेकंद.

"मी थेंब धरते," मावशी म्हणाली. तिची बोटं बाणांच्या कळांवर गेली. "मागे-पुढे करून धरते. पण आवाजाचं काय? चित्र धरलं की गाणं तुटणार."

मामा पुढे वाकला. "तिच्याशी बोलायचा माइक कुठला?"

"हा. पण बटण दाबलं की तिच्या कानात टक्‌ वाजतं," बाई म्हणाल्या. "दचकेल ती."

मामाने डोळे मिटले. यंत्राची ठकठक काचेतून येत होती, तीन लहान ठोके आणि एक मोठा, तीन लहान आणि एक मोठा. ज्या खोडीपायी तो आयुष्यभर बोलणी खात आला होता, तीच आता त्याच्या हाताशी होती. त्याचं बोट बटणावर अधांतरी थांबलं, दोन आवर्तनं नुसतं थांबून राहिलं, आणि तिसऱ्याच्या मोठ्या ठोक्यात बरोबर खाली आलं. कॅमेऱ्यात हनुवटी हलली नाही. बटणाची टक् ठोक्याच्या पोटात जिरली होती.

मग तो गायला लागला. आधी इतक्या हळू की मावशीला वाटलं गाणंच चालू आहे. तिने एका हाताने गाण्याचा आवाज उतरवत नेला आणि दुसऱ्या हाताने थेंब धरला. बारा चित्रं पुढे, दहा मागे. बारा पुढे, दहा मागे. थेंब फुगला, किंचित आवरला, पुन्हा फुगला. मामाने ओळ दारापर्यंत आणली आणि उंबऱ्यावरून परत नेली. पुन्हा आणली. श्वास घ्यायचा तर तो मोठ्या ठोक्यातच, बाकी कुठे जागा नव्हती. त्याच्या गळ्याची शीर तटतटून फुगली होती. मावशीने एकदाच खाली बघितलं. तो बूट बाहेर काढून आला होता, हे तिच्या आता लक्षात आलं. अंगठा फरशीवर दाबून धरलेला, पांढरा पडलेला, आणि स्थिर.

यंत्राचे पन्नास सेकंद उरले. चाळीस. ताईने काचेतून वर बघितलं. नळीमागच्या पडद्यावरच्या गोगलगाईला एवढा वेळ लागत नाही हे तिला माहीत होतं. तिनेही ती वीस वेळा बघितली होती. तिच्या डोळ्यांत भीती उतरली, पण घोट्यावरचा हात तिने घट्ट केला नाही. उलट बोटं सैल सोडली. मावशीला त्या क्षणी आपली बहीण फार मोठी वाटली, आणि आपण तिच्यावर दहा दिवस मनातून रागावलो होतो याची लाज वाटली.

तीस सेकंद. थेंब आता धरवत नव्हता. मावशीची बोटं आखडली होती आणि चुकून एकदा चौदा चित्रं पुढे गेली. थेंबाची मान बारीक झाली. ती तुटायला दोनच चित्रं बाकी होती. तिने श्वास रोखून त्याला परत ओढलं. कॅमेऱ्यात भिंगरीचे ओठ विलग झाले, पण डोकं होतं तिथेच होतं. मामाचा सूर एकदा चिरकला. त्याने तो चिरकलेलाच पुढे नेला, जणू तसाच लिहिला होता.

दहा. पाच. बाईंनी हात वर केला.

यंत्र थांबलं.

मामाने सम दिली. साधा एक 'सा', पण असा की त्या अरुंद खोलीत तिघांच्याही माना खाली आल्या. थेंब पडला. काचेपलीकडे गुलाबी मोजे असे उडाले की एक मोजा पायातून निघून ताईच्या मांडीवर जाऊन पडला.

बाई फोटो उघडत होत्या. एक, दुसरा, तिसरा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं. "स्वच्छ," त्या म्हणाल्या. मग दाराबाहेर जाऊन भूलवाल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या. आज तुमचं काम नाही."

गाठीचं काय ते डॉक्टर दुसऱ्या दिवशी सांगणार होते. ती धास्ती होतीच, घरी जाऊन बसणार होती. पण आत्तापुरती ताई भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि मोकळेपणाने रडली. मावशीने तिला आवरलं नाही. तीही शेजारी बसली.

भिंगरीला बाहेर आणलं तेव्हा तिने सगळ्यांत आधी मामाला बोट दाखवून बोलावलं. एकाच पायात मोजा असलेली ती पलंगावर उठून बसली होती. मामा जवळ गेला. त्याचा घसा बसला होता, तोंडून धड शब्द निघत नव्हता.

"मामा, खरं सांग," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. "शेवटी तू विसरलास ना?"

मामाने होकारार्थी मान हलवली.

"मला कळलं," ती म्हणाली. "तू सारखा दारापर्यंत यायचास आणि परत जायचास. म्हटलं, याला सम सापडत नाहीये. मला ना, फार हलावंसं वाटत होतं. पण मी हलले असते तर तू आणखी गडबडला असतास." तिने त्याच्या गालाला हात लावला. "म्हणून मी थांबले तुझ्यासाठी."